गाव कुणाचा म्हणायचा?

तेरेखोलपासून शापोऱ्यापर्यंतच्या आमच्या पेडणे महालात अनोळखी माणूस भेटला की त्याला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, ‘तू खंयचो?’ त्याचे उत्तर मिळाले की लगेच दुसरा, ‘कोणाचो?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर नकाशावर बोट ठेवून देता येते. दुसऱ्याला घराणे लागते, वाडा लागतो, कुणीतरी आधी होऊन गेलेला लागतो. माझे गाव पार्से. पहिल्या प्रश्नाला मी आयुष्यभर ‘पार्सेचा’ असे उत्तर देत आलो आहे. पण या ‘चा’ प्रत्ययात नेमके काय साठवले आहे? मी पार्सेचा, की पार्से माझे? व्याकरणाची षष्ठी दोन्हीकडे सारखीच चालते. व्यवहारात मात्र एका षष्ठीने माणूस गावाचे देणे लागतो आणि दुसरीने गाव त्याचे देणे लागते. या दोहोंतली खरी कोणती, हा प्रश्न मला जितका व्याकरणाचा त्याहून अधिक नीतीचा वाटतो.

हा प्रश्न मनात येण्यास निमित्त झाले ते गावोगाव निघणाऱ्या स्मरणिकांचे. देवळाचा जीर्णोद्धार असो, शाळेचा सुवर्णमहोत्सव असो, स्मरणिकेत ‘आमचा गाव’ या मथळ्याचा एक लेख असतोच. त्यात ग्रामदेवतेची उत्पत्तिकथा असते, गावकारांची कुळे असतात, मानकऱ्यांचा क्रम असतो, पहिला पदवीधर आणि पहिला डॉक्टर असतो, शेवटी देणगीदारांची यादी असते. मी असे लेख आवडीने वाचतो. कुणीतरी रात्र जागून, वृद्धांच्या पडवीवर बसून हे गोळा केलेले असते. परंतु अंक मिटल्यावर एक शंका उरते. गावात राहून गेलेल्यांपैकी यात किती माणसे आली? उरलेली होती, की नव्हतीच?

गावाचा इतिहास म्हणजे अखेर गावच्या वह्यांचा इतिहास. आणि कोणतीही वही निष्काम बुद्धीने लिहिली जात नाही. कुणाला काय द्यायचे किंवा कुणाकडून काय घ्यायचे, हे ठरवण्यासाठी ती उघडलेली असते. म्हणून वहीत कोण आहे हे पाहण्याआधी ती कशासाठी ठेवली होती हे विचारावे लागते.

* * *

आपल्याकडे जसे गाव, तसे फ्रान्समध्ये ‘कोम्यून’. हा शब्द आणि आपल्या गोव्यातला ‘कोमुनिदाद’ हे दोन्ही एकाच लॅटिन मुळाचे; अर्थ ‘सर्वांचे’, ‘सामायिक’. फ्रान्समधल्या या ग्रामसंस्थांची संख्या सुमारे पस्तीस हजार आहे आणि त्यांतल्या कित्येक आमच्या पार्सेहूनही लहान आहेत. 1789 च्या क्रांतीनंतर त्या स्थापन झाल्या तेव्हा बहुतेक ठिकाणी जुन्या चर्चच्या पॅरिशची हद्द तीच कोम्यूनची हद्द झाली. अशा खेड्यांचे इतिहास बहुधा तिथल्या पाद्र्याने किंवा शाळामास्तराने लिहिलेले असतात आणि त्यांचा आधार म्हणजे पॅरिशची नोंदवही. 1539 साली तिथल्या राजाने बाप्तिस्म्यांची नोंद ठेवण्याचा हुकूम पाद्र्यांना काढला. 1792 मध्ये ते काम चर्चकडून काढून नगरपालाकडे दिले. अडीचशे वर्षे जन्म, लग्न आणि मरण यांचा हिशेब चर्चच्या कपाटात राहिला.

या वहीचा एक गुण मान्य करावा लागतो. तिच्यात जमीनदाराचे मूल येते तसेच शेतमजुराचेही येते. बाप्तिस्मा प्रत्येक आत्म्याला हवा, या धर्मश्रद्धेमुळे वही सर्वांसाठी उघडी राहिली. जन्मून आठवड्यात गेलेल्या, जगात दुसरी कोणतीही खूण न ठेवलेल्या बाळाचे नाव तिथे आजही वाचता येते. मात्र या वहीला दुसरी बाजू आहे. ज्याला चर्चचा धर्म मान्य नाही त्याला तिच्यात जागा नाही; त्याच्यासाठी वेगळी वही असते, ती इन्क्विझिशनची.

पिरेनीज पर्वतातले मोंतायू हे अडीचशे वस्तीचे खेडे आज जगाला ठाऊक आहे ते या दुसऱ्या वहीमुळे. झाक फुर्निए नावाच्या बिशपने 1318 ते 1325 या काळात तिथल्या पाखंडी समजल्या गेलेल्या कॅथर पंथीयांच्या जबान्या घेतल्या आणि त्या काटेकोरपणे लिहवून घेतल्या. हाच बिशप पुढे पोप झाला. त्या जबान्यांवरून ल रुआ लादुरी या इतिहासकाराने 1975 साली गावाचे चित्र उभे केले. मेंढपाळ काय खात, कोण कोणाच्या उवा काढत बसे, मरणाबद्दल बायका आपसात काय बोलत, सगळे त्यात आहे. ज्याने गाव उद्ध्वस्त केले त्याच्याच दप्तराने गाव जिवंत ठेवले. ही गोष्ट आपण गोमंतकीयांनी तरी दूरची मानू नये.

* * *

बार्देश, सासष्टी, तिसवाडी या जुन्या काबिजादींत सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली. त्या देवळांची नावे, त्यांच्या जमिनी, त्या जमिनींवर जगणारे भाविणी, वाजंत्री, कुंभार, परीट यांचे हक्क आज आपल्याला कशावरून कळतात? देवळांच्या जमिनी ताब्यात घेण्यासाठी सरकारने ज्या याद्या केल्या त्यांवरून. 1567 चे फोराल, 1595 मधला फ्रांसिश्कु पाइश याचा तोंबू, हे सारे जप्तीचे कागद. रुई गोमिश परेरा यांनी गोव्यातील देवळांचा आणि गावकारीचा अभ्यास केला तो अशाच कागदांच्या आधारे. देव गेला आणि यादीत राहिला.

त्याआधीची वही गावकारीची. 1526 साली आफोंसु मेशिया याने गावकारांचे रीतिरिवाज फोरालात लिहून काढले. त्यात गावकार या शब्दाचा खुलासा आहे: गावचा कारभार पाहणारे, व्यवस्था ठेवणारे आणि पडीक भूमी सुधारणारे. हा शेवटचा अर्थ मला फार मोलाचा वाटतो. खाजनाची जमीन ही आयती मिळणारी गोष्ट नव्हे. खारे पाणी थोपवणारा बांध दरसाल पाहावा लागतो, मानशीच्या फळ्या भरती-ओहोटीला सांभाळाव्या लागतात. एका भरतीला दुर्लक्ष झाले तर शेत मीठ होते. गावकारीच्या उत्पन्नातून आधी सरकारदेणे, बांधबंदिस्ती, देवळाचा आणि गावच्या चाकरांचा खर्च जाई आणि जे उरे ते वाटले जाई. त्या वाट्याला झोण म्हणत. म्हणजे मूळ क्रम असा होता: आधी भार, मग वाटा.

पुढे क्रम तुटला. बांध राखणारे हात वेगळे झाले आणि झोण घेणारे हात वेगळे झाले. झोण वंशपरंपरेने पुरुषांनाच मिळे आणि गाव सोडून दोन पिढ्या मुंबईला राहिलेल्याच्या नावानेही तो लागत असे. बांधावर चिखल वाहणारी कुणबीण त्या वहीत कोणत्याच रकान्यात नव्हती.

आमच्या पेडण्याची गोष्ट थोडी निराळी आहे. हा महाल 1788 साली सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेला आणि नव्या काबिजादींत मोडला. इथली देवळे राहिली. पण जमिनीवर गावकारीपेक्षा देसाई-इनामदारांचा वरचष्मा राहिला. त्यामुळे इथल्या माणसाच्या ‘कोणाचो?’ला पुष्कळदा एक तिसरेच उत्तर होते: अमक्या भाटकाराचा कूळ, तमक्याचा मुंडकार. ज्या खोपीत जन्मला तिची जमीन दुसऱ्याची, जे भात कापले त्याचा खंड दुसऱ्याच्या कोठीत.

याशिवाय आमच्याकडे एक न लिहिलेली वही आहे. ती म्हणजे गाऱ्हाणे. पेडण्यात तसेच पलीकडे सावंतवाडी-वेंगुर्ल्यात देवळात किंवा मांडावर गाऱ्हाणे घालणारा उभा राहतो आणि ग्रामदेवतेपासून सीमेवरच्या राखणदारापर्यंत, मूळपुरुषापासून वाटेवरच्या देवचारापर्यंत एकेकाला हाक मारतो. भोवतालची माणसे ‘होय म्हाराजा’ म्हणून साथ देतात. ज्याचे नाव कुणाला ठाऊक नाही त्यालाही ‘चुकला-माकला असेल’ म्हणून सामावून घेण्याची त्यात सोय असते. कागदाच्या कोणत्याही वहीला ही नम्रता साधलेली नाही. तरीही गाऱ्हाण्यालाही भोळेपणाने नमस्कार करून चालणार नाही. ते घालण्याचा मान कुणाचा, ऐकताना कुणी किती अंतरावर उभे राहायचे, हे ठरलेले होते. सीमेवरच्या देवाची सेवा ज्या महाराने करायची त्याला गाभाऱ्याच्या पायरीला शिवायची मुभा नव्हती.

* * *

या वह्या शेजारी शेजारी ठेवल्या की मला दोन रकाने दिसू लागतात. एकात वाटा आणि दुसऱ्यात भार. गावाच्या न्याय-अन्यायाचा सगळा हिशेब या दोन रकान्यांत आहे, असे मला वाटते. ज्याच्यावर भार आहे पण वाटा नाही, त्याच्या जिण्याला आपण वेठ म्हणतो. ज्याला वाटा आहे पण भार नाही, तो आंब्यावरचे बांडगूळ. दोन्ही रकान्यांत ज्याचे नाव आहे त्यानेच गाव माझे म्हणावे, आणि ज्याचे नाव एकाच रकान्यात आहे त्याच्यासाठी गावाने दुसऱ्या रकान्यात जागा करावी.

यावर आक्षेप येईल की जन्माला काही किंमतच नाही का? आहे. माणूस जिथे जन्मतो तिथली बोली त्याच्या जिभेवर बसते, तिथल्या देवाची जत्रा त्याच्या वर्षाला गाठ मारते. पण जन्म हे भार उचलण्याचे पहिले निमंत्रण आहे; भार उचलल्याचा दाखला नव्हे. दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. भाराला मोल द्यायचे ठरवले तर गावाला काही न देऊ शकणारा आजारी, अपंग, अगदी लहान मूल यांचे काय? त्यांचा हक्क कशावर उभा राहतो? इथे मला पॅरिशच्या वहीतले ते आठवड्याचे बाळ आठवते. त्याने कुणासाठी काही केले नाही. त्याच्यासाठी कुणीतरी वही उघडली, एवढेच. अशांचा भार वाहणे हाच गावाचा पहिला भार. तो जे वाहतात ते गावकार आणि ज्यांच्यासाठी वाहिला जातो तेही गावचेच.

आपल्या काळात काही ठिकाणी हे रकाने जुळवण्याचा प्रयत्न झाला आणि तो कायद्याने झाला, हे विसरता कामा नये. 1962 साली गोव्यात पहिल्या पंचायत निवडणुका झाल्या. गावकार, कूळ, मुंडकार, स्त्री, पुरुष अशा सर्वांना एकाच यादीत, एकाच मापाने घेणारी ती पहिलीच वही. 1975 मध्ये मुंडकार कायदा झाला. 1976 च्या कूळकायदा दुरुस्तीने कसणाऱ्याला जमिनीचा मालक मानले. पेडण्यासारख्या महालात याचा अर्थ काय होता हे खंडाचे भात डोक्यावरून वाहिलेल्यालाच कळेल. परंतु कायद्याने वाटा मिळाल्यावर भाराचे काय झाले, हेही विचारले पाहिजे. कसणारा मालक झाला आणि काही वर्षांत कसणेच सुटले. आज त्याच शेतांना रस्त्याकडेने प्लॉटचे दगड लागले आहेत. भाटकाराने जे केले असते तेच कुळाने केले, तर झाला तो मालकाचा बदल. गावाच्या रीतीचा बदल म्हणता येणार नाही.

* * *

वाटा नसलेल्यांचे गावाशी नाते किती खोल असू शकते, याचे उत्तर गोव्याने जगाला दिले आहे, आणि तेही आडनावातून. आपल्याकडे ‘कर’ लावला की गाव माणसाबरोबर चालू लागतो. आडनाव ही गावची सर्वांत लहान वही. केरीच्या केसरबाई केरकर (1892-1977) आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर (1904-2001) या दोघी कलावंत समाजात जन्मलेल्या. देवळाच्या सेवेचा भार या समाजाकडे पिढ्यान्‌पिढ्या होता. झोण नव्हता, महाजनकी नव्हती. प्रतिष्ठितांच्या वह्यांत त्यांच्या आयाबहिणींची नावे आली ती चाकरीच्या रकान्यात. आणि याच दोघींनी आपापल्या गावाचे नाव हिंदुस्थानभर नेले. केसरबाईंची एक भैरवी तर 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात पाठवलेल्या सोनेरी तबकडीवर आहे. त्यांतले पहिले यान 2012 साली सूर्याच्या प्रभावकक्षेबाहेर पडले. ज्या गावाच्या महाजनांच्या यादीत या बाईला जागा नव्हती, त्या गावाचे नाव लावणारीचा आवाज आज माणसाने पाठवलेल्या सर्वांत दूरच्या वस्तूवर आहे. स्मरणिकेच्या संपादकांनी यावर थोडा वेळ विचार करावा.

कुर्डीचे तर गावच राहिले नाही. साळावलीच्या धरणात ते बुडाले. वैशाखात पाणी ओसरले की चौथरे, विहिरी, वाटा वर येतात आणि विखुरलेले कुर्डीकर त्या चिखलात जमून देवाचा उत्सव करतात. तिथले महादेवाचे प्राचीन देऊळ पुरातत्त्व खात्याने दगड दगड उचलून दुसरीकडे उभारले. जमीन नाही, झोण नाही, तरी गाव आहे. फ्रान्समध्येही याचे विलक्षण उदाहरण आहे. 1916 च्या व्हेर्दँच्या लढाईत काही खेडी तोफांनी अशी भुईसपाट झाली की ती पुन्हा वसवता आली नाहीत. त्यांतल्या सहा खेड्यांना सरकारने आजवर कोम्यूनचा दर्जा ठेवला आहे. लोकसंख्या शून्य, पण प्रत्येकाला नगरपाल आहे. तो मेलेल्यांच्या आठवणीचा कारभार पाहतो. तिथे कुणालाही वाटा नाही. उरला आहे तो फक्त भार, आणि तेवढ्यावर गाव टिकले आहे.

* * *

हा सगळा ऊहापोह आज करायचे कारण उघड आहे. मोपा येथील विमानतळ जानेवारी 2023 पासून चालू झाला आणि पेडण्याच्या जमिनीला भाव आला. गावात नवी माणसे आली. काही बंगले बांधणारी, बरीचशी ते बंगले बांधायला आलेली. ‘आमचे’ आणि ‘भायले’ ही भाषा आता ग्रामसभेत ऐकू येते. जुलै 2021 मध्ये गोवा विधानसभेने एक विधेयक संमत केले होते. तीस वर्षे राहणाऱ्यास ‘भूमिपुत्र’ म्हणावे, असे त्यात होते. त्यावर एवढा क्षोभ उसळला की तो शब्द वगळण्याची घोषणा सरकारला करावी लागली आणि विधेयकाचा कायदा झालाच नाही. तीस वर्षांच्या मुक्कामाने पुत्रत्व मिळते का, हा आक्षेप योग्यच होता. पण आक्षेप घेणाऱ्यांनी ‘मग कशाने मिळते?’ याचे उत्तर पुष्कळदा फक्त रक्ताने दिले, हे मला अपुरे वाटते. वर्षे मोजणे आणि पिढ्या मोजणे, दोन्ही शेवटी काळाचेच हिशेब. कामाचा हिशेब त्यात कुठे आहे?

ज्यांना बाहेरच्याची चीड आहे त्यांनी नार्व्याला जाऊन यावे. सप्तकोटीश्वर हा मूळ दिवाडी बेटावरचा देव. तिथले देऊळ मोडल्यावर त्याला नदीपलीकडे डिचोली महालातल्या नार्वे गावाने जागा दिली. 1668 साली शिवाजी महाराजांनी त्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. आपल्या कितीतरी देवांचा इतिहास हा परागंदा होऊन आलेल्यांचा इतिहास आहे. ज्या गावांनी देवाला ‘कोणाचो?’ विचारून परत पाठवले नाही, ती गावे त्यामुळे लहान झाली नाहीत.

उलट, ज्यांच्यामुळे आपण जगतो ते आपल्या वहीत आहेत का, हेही बघावे. सीमेपलीकडे दोडामार्ग तालुक्यात तिळारीच्या धरणाखाली आयनोडे, सरगवे, शिरंगे, पाट्ये, पाल, केंद्रे अशा गावांच्या जमिनी गेल्या. तिळारीचे पाणी गोव्यात पेडणे, डिचोली, बार्देशाकडे येते. आपल्या परसातल्या नळाच्या धारेत कुणाच्या तरी तुळशीवृंदावनाचा चौथरा बुडालेला आहे. ती माणसे पार्सेची नव्हेत, पेडण्याचीही नव्हेत. पण आमच्या गावाच्या भाराचा एक मोठा हिस्सा त्यांनी उचलला आहे. ‘कोणाचो?’ या प्रश्नाला अशीही उत्तरे आहेत.

म्हणून पुढच्या स्मरणिकेत ‘आमचा गाव’ लिहिणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. गावकारांची कुळे अवश्य द्यावीत, मानकऱ्यांचा क्रमही द्यावा. त्यानंतर एक कोरे पान घ्यावे आणि त्यावर आळीपाळीने माणसे लिहावीत: बांधावर चिखल घालणाऱ्या बायका, सुईण, देवळाचे ढोल वाजवणारे, मसणाची लाकडे फोडणारे, माड चढणारे, शाळेत पाणी भरणारी, खंड वाहणारी कुळे, आणि गेल्या दहा वर्षांत कर्नाटकातून, ओडिशातून येऊन आमची घरे बांधणारे गवंडी. नाव मिळाले तर नाव लिहावे. मिळाले नाही तर काम लिहावे. वृद्ध माणसे अजून आहेत तोवर विचारले तर बरीच नावे मिळतील. हे पान लिहून पुरे झाले की मगच देणगीदारांची यादी छापावी.